पेशी कमी, हल्ला जोरात: दात्याच्या स्टेम सेल प्रत्यारोपणानंतरचे एक सोलापुरी प्रकरण

रुग्ण ३४ वर्षांचा, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागांवर जॉबर. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. केमोथेरपीने आजार आटोक्यात आल्यावर पुण्यातल्या एका केंद्रात दात्याच्या स्टेम सेलचे, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचे, प्रत्यारोपण झाले. नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत.

प्रत्यारोपणात पेशी चढवल्या तो दिवस शून्य धरतात आणि तिथून पुढे मोजतात. हा रुग्ण आमच्याकडे आला तेव्हा ७१वा दिवस होता. चार दिवसांपासून जुलाब, मळमळ, वजन ५८वरून ५४ किलोवर आलेले. रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, फक्त ३१०. निरोगी माणसात हजाराच्या वर असतात. प्रतिकारशक्ती जवळजवळ नाहीच असे वाटायला लावणारा आकडा. तरीही पुढच्या काही दिवसांत जे निदान झाले ते असे की, ही उरलीसुरली प्रतिकारशक्तीच त्याच्या आतड्यावर तुटून पडली होती. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असते, आणि अशा वेळी कोणत्या तपासणीवर किती भरवसा ठेवायचा, याच प्रश्नासाठी हे प्रकरण लिहितो आहे.

दाता आणि आधीची जोखीम

भावंडे तीन. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखीची प्रथिने, जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक, म्हणजे तिघांपैकी किमान एक जण जुळेल याची शक्यता साधारण ५८ टक्के. इथे थोरली बहीण पूर्ण जुळली. घरी तेलुगू बोलतात, तो तिला अक्का म्हणतो, आणि आजारपणाच्या सगळ्या फायली तिच्याकडेच असतात.

जुळणी पूर्ण होती, तरी जोखीम शून्य नव्हती. अक्काला दोन मुले आहेत. गरोदरपणात स्त्रीच्या पेशींची बाळाच्या परक्या प्रथिनांशी ओळख झालेली असते, आणि मुलगा पोटात असेल तर वाय गुणसूत्रावरच्या प्रथिनांशीही. अशा स्त्रीच्या पेशी पुरुष रुग्णाला दिल्या की पुढे ग्राफ्ट व्हर्सस होस्ट आजार, रोजच्या भाषेत जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला, होण्याची शक्यता वाढते, विशेषतः त्याच्या दीर्घकालीन प्रकाराची. पेशी मज्जेतून न काढता रक्तातून गोळा केल्या होत्या, त्यानेही तीच बाजू जड होते. याचा अर्थ दाता चुकीचा निवडला असा नाही. जुळणारी सख्खी बहीण मिळणे ही चांगलीच गोष्ट. फक्त नजर कुठे ठेवायची ते पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

तयारीची केमोथेरपी बुसल्फान आणि फ्लुडाराबिनची. जीव्हीएचडी टाळण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन, आणि १, ३, ६, ११ या दिवशी मेथोट्रेक्सेटचे छोटे डोस. चौदाव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वर आल्या. तिसाव्या दिवशी कायमेरिझम, म्हणजे रक्त दात्याचे किती आणि रुग्णाचे किती याची तपासणी, पूर्ण दात्याची निघाली. दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असल्याने एक्स-वाय गुणसूत्रे मोजूनही हे कळते.

केंद्राने शंभर दिवस पुण्यातच राहायला सांगितले होते. ५८व्या दिवशी कुटुंब सोलापूरला परतले. खोलीचे भाडे, अक्काची घरी राहिलेली मुले, बुडालेली मजुरी. यावर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे शंभर दिवसांचा नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो, तो पाळायचा खर्च मात्र ज्याचा त्याला करावा लागतो.

पहिला दिवस

जवळच्या दवाखान्यात पाण्याचा दोष समजून अँटिबायोटिक दिले गेले होते. सोलापुरात तो अंदाज कोणीही करेल. नळाला पाणी काही दिवसांआड येते, घराघरांत पिंपे आणि टाक्या भरून ठेवतात. अक्काने मात्र एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: "डॉक्टर, गोळ्या टाइमावर द्यालोय, पण ती वासाची कॅप्सूल घेतली की उलटीच व्हालंय त्याला." वासाची कॅप्सूल म्हणजे सायक्लोस्पोरिन. रक्तातली त्याची पातळी पाठवली, ती ८४ आली. या टप्प्यावर ती २००च्या आसपास असावी अशी केंद्राची अपेक्षा होती. म्हणजे लगाम सैल झालेला होता, आणि जुलाब सुरू होण्याच्या आधीपासून की नंतर हे कुणालाच सांगता येत नव्हते.

तपासताना तळहात लालसर, कानांमागे थोडी पुरळ, एकूण त्वचेच्या पाव भागाहून कमी. बिलिरुबिन १.१, म्हणजे यकृत ठीक. आता जुलाब. "दिवसाला सात-आठ वेळा" या उत्तराचा इथे उपयोग नसतो, कारण आतड्याच्या जीव्हीएचडीची पायरी मिलिलिटरवर ठरते: ५०० ते ९९९ पहिली, १,००० ते १,५०० दुसरी, त्यावर तिसरी. आम्ही खुणा असलेले भांडे दिले आणि चोवीस तास मोजले. १,१५० मिलिलिटर. जीव्हीएचडी असेल तर ही आतड्याची दुसरी पायरी, आणि एकूण आजार ग्रेड तीन, म्हणजे गंभीर. या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत उपयोगी तपासणी कोणती, असे कोणी विचारले तर मी या भांड्याचे नाव घेईन.

आकडे काय सांगत होते

अशा रुग्णासाठी जगभर ज्या दोन मार्करची, म्हणजे रक्तात मोजता येणाऱ्या खुणांची, सर्वाधिक चर्चा होते ते म्हणजे एसटी२ आणि रेग३ अल्फा. रेग३ अल्फा हे प्रथिन आतड्याच्या खोलगट ग्रंथींच्या तळाशी असलेल्या पेशी तयार करतात. ते आतड्याच्या पोकळीत जंतूंविरुद्ध काम करते. आतड्याचे अस्तर फाटले की ते रक्तात झिरपते, म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण म्हणजे अस्तराला किती भगदाडे पडली याचा अंदाज. एसटी२ हा इंटरल्युकिन-३३ या संदेश देणाऱ्या प्रथिनाचा पेशीवरचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर. त्याचे रक्तात सुटलेले रूप ३३ला वाटेतच पकडते, आणि दाह शांत करणाऱ्या पेशींपर्यंत जाणारा संदेश अडतो. रेग३ अल्फावरचे काम २०११मध्ये आले, एसटी२वरचे २०१३मध्ये, आणि २०१७मध्ये मॅजिक या आंतरराष्ट्रीय गटाने दोन्ही एकत्र करून असे दाखवले की प्रत्यारोपणानंतर सातव्या दिवशीच, एकही लक्षण नसताना, पुढच्या सहा महिन्यांत जिवाला धोका कोणाला जास्त आहे हे बऱ्यापैकी वेगळे काढता येते.

आमच्याकडे हे दोन्ही नव्हते. नमुना गोठवून दूर पाठवणे शक्य असते, पण अहवाल येईपर्यंत निर्णयाची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आम्ही हिशेब केला तो इझिक्सचा. हायडेलबर्गच्या गटाने २०१७मध्ये मांडलेला हा निर्देशांक सोलापुरातल्या कोणत्याही बऱ्या लॅबच्या कागदावर करता येतो: एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढते) गुणिले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे माप), भागिले प्लेटलेट. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर किती ताण आहे याचा तो कच्चा मापक.

पुण्याहून निघतानाच्या कार्डावर एलडीएच २२८, क्रिएटिनिन ०.९, प्लेटलेट १ लाख ४६ हजार. सूत्रात प्लेटलेट हजारांत धरतात, म्हणून उत्तर १.४. आता एलडीएच ४०४, क्रिएटिनिन १.३, प्लेटलेट ७८ हजार. उत्तर ६.७. जवळजवळ पाचपट.

इथे घाई करू नये. जुलाबाने शरीर सुकलेले, त्यामुळे क्रिएटिनिन वाढणारच. रात्रभर सलाईन दिल्यावर क्रिएटिनिन १.०, एलडीएच ३९०, प्लेटलेट ७४ हजार, उत्तर ५.३. म्हणजे वाढीतला काही भाग पाण्याच्या कमतरतेचा होता, बाकीचा खरा. प्लेटलेट पडणे आणि एलडीएच चढणे एकत्र दिसले की आणखी एक शंका घ्यावी लागते: सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गाठी होणे, जे सायक्लोस्पोरिनमुळेही होते. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिली. फुटक्या लाल पेशी तुरळक, रक्तदाब १३४/८४, लघवीत प्रथिन नाममात्र. त्या निदानाला पुरेसे नव्हते, पण दर दोन दिवसांनी काच पाहायची असे ठरले.

फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, २,१४० होते. ते बाजूला ठेवले. ज्याला महिनोन्महिने रक्त चढवले आहे त्याचे फेरिटिन चढलेलेच असते, ते जळजळीचे की साठलेल्या लोहाचे हे त्यातून कळत नाही. संसर्गात वाढणारे सीआरपी ३८, प्रोकॅल्सिटोनिन ०.३, म्हणजे मोठ्या जिवाणू संसर्गाच्या बाजूने फारसे काही नाही. अल्ब्युमिन ३.६वरून २.७वर आले होते. आतड्यातून प्रथिन गळत असल्याची ही स्वस्तातली खूण.

आणि मग तो लिम्फोसाइटचा आकडा. ५८व्या दिवसाच्या कार्डावर सीडी४ पेशी, म्हणजे टी लिम्फोसाइटमधल्या इतर पेशींना दिशा देणाऱ्या, ७१ होत्या. नातेवाइकांच्या आणि काही सहकाऱ्यांच्याही मनात इथे गोंधळ होतो: पेशीच नाहीत, तर हल्ला कोण करते? प्रत्यारोपणानंतर पेशी एकदम परतत नाहीत. एनके पेशी महिनाभरात येतात, सीडी८ काही महिन्यांत, बी पेशींना सहा महिने ते वर्ष लागते, आणि सर्वांत मागे सीडी४, कारण त्यांची नवी भरती थायमसमधून व्हावी लागते आणि प्रौढ वयात, त्यात केमोथेरपीनंतर, ती ग्रंथी मंदच असते. तोपर्यंत रक्तात जे टी लिम्फोसाइट असतात ते बहुतेक दात्याकडून आलेल्या मूठभर पेशींचे वंशज. त्यांतल्या ज्यांना रुग्णाची ऊती परकी वाटते, त्याच फुगतात. कारखान्यात कामगार चारच, पण चौघेही एकाच मागाला भिडलेले, आणि बाकीचे माग बंद, तशी ही अवस्था. विषाणू, बुरशी यांच्यावर पहारा नाही, आणि आतड्यावर मात्र पूर्ण ताकद. सीडी४चा आकडा भिडणारे चौघे कोण हे सांगत नाही, तो फक्त बंद मागांची संख्या सांगतो. म्हणूनच तो संसर्गाच्या जोखमीसाठी उत्तम आणि जीव्हीएचडीच्या निदानासाठी निरुपयोगी.

खरी अडचण इथेच. इझिक्स म्हणत होते धोका आहे. एसटी२ आणि रेग३ अल्फा मिळाले असते तरी त्यांनी बहुधा तेच सांगितले असते. धोका कशाचा, हे यांपैकी कोणीच सांगत नाही. आणि उपचार तर परस्परविरोधी: जीव्हीएचडी असेल तर प्रतिकारशक्ती दाबायची, सायटोमेगॅलो विषाणूने म्हणजे सीएमव्हीने आतडे पोखरले असेल तर ती दाबणे घातक. आपल्याकडे दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात सीएमव्ही निपचित पडलेला असतो. रुग्ण आणि अक्का दोघेही त्याला पॉझिटिव्ह होते. रक्तातला पीसीआर, म्हणजे विषाणू मोजणारी चाचणी, ४२० आला, म्हणजे किंचित पॉझिटिव्ह. आतड्यातला सीएमव्ही रक्तात अजिबात न दिसताही असू शकतो, त्यामुळे ४२०ने ना होकार मिळाला ना नकार.

बायोप्सी, आणि अहवालाआधीची दुपार

दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीने तपासणी, केली. पूर्ण कोलोनोस्कोपीसाठी थांबलो नाही. प्लेटलेट ५० हजारांवर होत्या तेवढ्यात तुकडे घेणे सोयीचे होते. शौचाचे नमुने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल आणि क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या जंतूंसाठी आणि स्ट्राँगिलॉइड्स जंताच्या अळ्यांसाठी गेले. या शेवटच्याकडे दुर्लक्ष होते, आणि स्टेरॉइड सुरू केल्यावर तो जंत शरीरभर पसरू शकतो.

आतून अस्तर लालसर, सुजलेले, जागोजाग खरवडल्यासारखे. सीएमव्हीचे खोल व्रण दिसले नाहीत, पण डोळ्यांनी पाहून हा निवाडा करू नये असे माझे ठाम मत आहे.

बायोप्सीचा अहवाल दोन दिवसांनी. तोपर्यंत थांबायचे का? पुण्याच्या केंद्राशी फोनवर बोलून दुपारीच मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले, किलोमागे २ मिलिग्रॅम, दिवसाला साधारण ११०. त्वचेवरची पुरळ, औषधाची घसरलेली पातळी, मिलिलिटरचा आकडा आणि अल्ब्युमिन, हे सगळे एकाच बाजूला झुकत होते. विरुद्ध बाजूला फक्त ४२०. सीएमव्ही निघालाच असता तर त्यावरचे गॅन्सिक्लोव्हिर जोडता आले असते. ग्रेड तीनच्या जीव्हीएचडीत गेलेले दोन दिवस मात्र परत मिळत नाहीत. सायक्लोस्पोरिन शिरेतून दिले, कारण पोटात टिकतच नव्हते. बुरशीसाठी पोसाकोनाझोल जोडले आणि त्याच क्षणी सायक्लोस्पोरिनचा डोस कमी केला, कारण हे औषध त्याची पातळी भराभर चढवते.

अक्काचा प्रश्न होता, "माझ्याच पेशी त्याला खायला लागल्या काय?" हो, तिच्याच. पण त्याच पेशी उरलेला ल्युकेमियाही खातात, आणि म्हणून त्यांना पूर्ण झोपवायचे नसते. सौम्य जीव्हीएचडी झालेल्या रुग्णांत कर्करोग परतण्याचे प्रमाण कमी दिसते, हे तिला सांगितले. तिच्या मनावरचे ओझे त्याने किती कमी झाले, कुणास ठाऊक.

बायोप्सीत ग्रंथींच्या पेशी एकेक करून मरत असल्याच्या खुणा, काही ठिकाणी ग्रंथीच गायब. सीएमव्हीचा रंगद्रव्य-चाचणी अहवाल निगेटिव्ह. शौचाचे सर्व अहवाल निगेटिव्ह. त्याच संध्याकाळी रुग्णवाहिकेने त्याला पुण्याला पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत एक ओळ ठळक लिहिली: रक्त किंवा प्लेटलेट द्यावे लागले तर किरण देऊन आतल्या लिम्फोसाइट निष्क्रिय केलेली पिशवीच द्यावी.

सातवा दिवस

स्टेरॉइडला प्रतिसाद नाही असे कधी म्हणायचे, याचे नियम ठरलेले आहेत: तीन दिवसांत बिघडले, किंवा सात दिवसांत सुधारणा नाही. या रुग्णाच्या जुलाबाचे आकडे मधलेच निघाले. तिसऱ्या दिवशी १,०५०, सातव्या दिवशी ८००. सुधारणा म्हणावी तर आहे, समाधान म्हणावे तर नाही. या टप्प्यावर मॅजिकच्या मार्करचा उपयोग मला सर्वांत जास्त पटतो. २०१८मध्ये याच गटाने दाखवले की स्टेरॉइडच्या एका आठवड्यानंतर केलेली चाचणी, लक्षणांवरून केलेल्या अंदाजापेक्षा पुढचा धोका चांगला ओळखते. म्हणजे ८०० मिलिलिटर असलेले दोन रुग्ण सारखे नसतात. एकाचे अस्तर भरून येत असते, दुसऱ्याचे आतून झडतच असते.

ती चाचणी तिथेही झाली नाही. केंद्राने अल्ब्युमिन २.४वर गेलेले पाहिले, प्लेटलेट ७० हजारांच्या आत पाहिल्या, आणि आठव्या दिवशी रक्सोलिटिनिब हे प्रतिकारशक्तीचा हल्ला रोखणारे औषध सुरू केले, ५ मिलिग्रॅम दोनदा. स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीत २०२०च्या रीच२ अभ्यासात २८व्या दिवशी ६२ टक्के रुग्णांना याने प्रतिसाद दिला होता, इतर उपचारांच्या गटात ३९ टक्के. इथे रुग्ण त्या व्याख्येत काटेकोर बसत नव्हता. तरी निर्णय बरोबर होता असे मला वाटते, आणि अल्ब्युमिन घसरत नसते तर मी वेगळे म्हटले असते.

त्याच आठवड्यात सीएमव्ही ३,८०० झाला. अपेक्षितच होते: सीडी४ सत्तरच्या घरात, वर स्टेरॉइड. आतड्यातून औषध नीट शोषले जाईल याची खात्री नसल्याने गोळी न देता गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून दिले. त्याने न्यूट्रोफिल ९००पर्यंत पडले, ते वाढवणारे इंजेक्शन द्यावे लागले. सीडी४चा कार्डावरचा जुना आकडा इथे कामाला आला. जीव्हीएचडीबद्दल तो मुका होता, विषाणूबद्दल त्याने आधीच सांगून ठेवले होते.

चौथ्या आठवड्यात शौच घट्ट. एलडीएच २६०, क्रिएटिनिन ०.८, प्लेटलेट १ लाख १२ हजार, इझिक्स १.९. त्यानंतर स्टेरॉइड हळूहळू उतरवले.

त्यानंतरचे वर्ष

सहाव्या महिन्यात सीडी४ १६८, आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य प्रतिपिंडे, ३८०. सीडी४ २००च्या वर स्थिर होईपर्यंत न्यूमोसिस्टिस या फुफ्फुसाच्या बुरशीजन्य संसर्गापासून वाचवणारे कोट्रायमॉक्सॅझोल सुरू ठेवले. न्यूमोकोकसची लस नव्याने सुरू केली, कारण लहानपणीच्या लसींची आठवण जुन्या मज्जेबरोबर गेलेली असते. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी दोन वर्षांआधी नाहीत, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना मुळीच नाहीत. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला जाऊ का, असे त्याने विचारले. त्या गर्दीला नाही म्हटले. शेंगाचटणीचेही तेच: घरी निवडून, भाजून, ताजी केलेली चालेल, उघड्यावरची नको, कारण जुन्या शेंगदाण्यात बुरशी असते.

अकराव्या महिन्यात डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटू लागले, गालांच्या आत पांढऱ्या रेषा दिसू लागल्या. डोळ्यांच्या ओलाव्याची शिर्मर चाचणी ४ मिलिमीटर. दीर्घकालीन जीव्हीएचडी. यासाठीही सीएक्ससीएल९ आणि बाफ हे मार्कर अभ्यासले गेले आहेत, पण रोजच्या निदानात तोंड उघडून पाहण्याची जागा त्यांनी अजून घेतलेली नाही. कायमेरिझम पूर्ण दात्याचे, मज्जेत ल्युकेमिया नाही.

आता चौदावा महिना. तो कामावर परतायचे म्हणतो. मालकाने जागा ठेवली आहे. अडचण फुफ्फुसांची आहे. प्रत्यारोपणाआधी स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीत, एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा) अपेक्षितच्या ८८ टक्के होते, आता ७९. ७५च्या खाली आणि दोन वर्षांत दहा टक्क्यांहून अधिक घसरण, असे झाले तर श्वासनलिकांच्या जीव्हीएचडीचा विचार करावा लागतो, आणि तिथे गमावलेली क्षमता सहसा परत येत नाही. टॉवेलच्या मागांमधून दिवसभर कापसाचे तंतू उडतात. ही घसरण त्या आजाराची सुरुवात, की कमी हालचालीने आलेला अशक्तपणा, हे एका चाचणीवरून ठरत नाही. म्हणून पुढची स्पायरोमेट्री तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी ठेवली आहे. तोपर्यंत मागांच्या शेडमध्ये जायचे नाही. पॅकिंगच्या खोलीत बसून हिशेबाचे काम करायला हरकत नाही, एवढे मालकाला लिहून दिले आहे.